चार बोटं वर

वेल्डरला कामावरून काढल्याचा आदेश शुक्रवारी दुपारी निघाला. शनिवारी संध्याकाळी काकांनी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे वाचन सुरू केलं. थोडा वेळ वाचलं, मग पोथी मिटली, चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज एवढंच. पुढचं मला वाचवत नाही." मंडळी घरी गेली. चौकशीतल्या आपल्या सहायकाच्या सांगण्यावरून आरोप कबूल केलेला माणूस नोकरीला मुकला होता, आणि तो सहायक म्हणजे काका स्वतः, ही बातमी तोवर टाउनशिपभर झाली होती.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. मूळचे ग्वाल्हेरचे. समोरच्या ओळीत आमचं क्वार्टर होतं, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे. मी तेव्हा एका हिंदी दैनिकात कामगारांच्या आणि कोर्टाच्या बातम्या बघायचो. नव्वदीचं दशक होतं. नवी भरती थांबली होती, आणि पाळीचा भोंगा वाजला की रस्त्यावर पूर्वीपेक्षा कमी सायकली दिसत.

सरकारी कारखान्याच्या वसाहतीत तुम्ही राहिला असाल, तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. ड्रॉइंग बोर्डावर दिवस काढायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये लोकांना काही वाचून दाखवायचं. काका शनिवारी महाकाव्य सांगत. मूळ संस्कृत समोर, आणि अर्थ टाउनशिपच्या मराठीत. त्यांची एक अट होती. नायकांची नावं घ्यायची नाहीत. थोरला, गदावाला, धनुष्यवाला, सारथ्याच्या घरी वाढलेला. बस.

"नाव घेतलं की लोक हात जोडतात," ते म्हणत. "हात जोडले की डोळे मिटतात. मग मी दाखवू काय?"

त्यांना दाखवायचे असत ते दोष. गदावाल्याची भूक, धनुष्यवाल्याची घमेंड, सारथ्याच्या घरच्याचा चुकीच्या माणसाशी घट्ट राहण्याचा हट्ट. सगळ्यात जास्त वेळ थोरल्याला. तो कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून त्याचा रथ जमिनीला न टेकता चार बोटं वर चालायचा. हे सांगताना काका उजवा पंजा टेबलाच्या चार बोटं वर आडवा धरत आणि हळूहळू पुढे नेत. मग युद्धाचा तो दिवस यायचा. गुरू आवरत नाहीत, म्हणून थोरला त्यांच्या मुलाबद्दल अर्धंच खरं बोलतो, उरलेलं अर्धं ओठातल्या ओठात. काकांचा पंजा टेबलावर आपटायचा. आवाज मागच्या रांगेपर्यंत जाई. बायका दचकत. पुढच्या वर्षी तो प्रसंग आला की पुन्हा दचकत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हा अजून सभेत आहे."

सभा म्हणजे जिथे थोरला फाशांत राज्य, भाऊ आणि बायको हरला, ती. काका म्हणत, "त्या संध्याकाळी कुणी त्याचा निकाल लिहिला असता तर काय लिहिलं असतं? जुगारी. नालायक. आणि निकाल बरोबरच असता हो! पण गोष्ट तिथे थांबत नाही. बारा वर्षं जंगल, आणि एक वर्ष दुसऱ्याच्या घरी नाव बदलून. तिथे त्यानं नोकरी कसली धरली? राजाबरोबर फासे खेळायची. ज्यानं सगळं घालवलं, त्यावरच पोट भरलं. फक्त आता खेळ शिकून आला होता. माणूस सभेत असताना त्याचा निकाल लावू नये. आधी त्याला जंगलात जाऊ द्यावं."

हे वाक्य ते सगळ्यांना लावत. कुणाचा मुलगा अकरावीत नापास झाला, कुणाच्या जावयाने दुकान बुडवलं, की "अजून सभेत आहे, जाऊ दे." काकू स्वयंपाकघरातून उत्तर देत. "आणि हे? लग्न झाल्यापासून सभेतच आहेत. कोथिंबीर आणायला सांगितली, मुळे घेऊन आले."

"मुळे ताजे होते," काका म्हणत.

या वाक्याचा खरा उपयोग त्यांनी कारखान्यात केला. कामगारावर आरोप ठेवला की खात्याअंतर्गत चौकशी होते. त्यात वकील चालत नाही, पण कामगार आपल्या बाजूने एका सहकाऱ्याला घेऊ शकतो. त्याला बचाव सहायक म्हणतात. युनियन बरीच वर्षं काकांना पाठवत होती. पाळीवर झोपलेले, फोरमनच्या अंगावर धावून गेलेले, न सांगता गावी जाऊन बसलेले, अशांच्या शेजारच्या खुर्चीत ते बसत.

त्यांची रीत इतर सहायकांपेक्षा वेगळी होती. इतर जण प्रत्येक आरोप नाकारायला लावत. काका आधी कबूल करायला लावत. जुने चौकशी अधिकारी रायबरेलीकडचे होते. कबुली नोंदवून झाली की ते पेनाचं टोपण लावत, चहा मागवत आणि म्हणत, "अब सुनाइए, पंडितजी."

"मैं पंडित नहीं साहब, ड्राफ्ट्समैन हूँ," काका म्हणत आणि सांगायला लागत. त्या माणसाचं घर, त्याची आधीची नोकरी, तो कुठे घसरला, कुठे पुन्हा उभा राहिला. कप रिकामा होईपर्यंत अधिकारी ऐकत. मग टोपण काढून निष्कर्ष लिहीत. पगारवाढ रोखली जाई, बदली होई, ताकीद मिळे. काकांच्या शेजारी बसलेल्या एकाचीही नोकरी गेली नव्हती. हे नियमात कुठेही नव्हतं. नियमाप्रमाणे बिनशर्त कबुली दिली की चौकशी संपते. चहा हा त्या दोघांमधला रिवाज होता.

वेल्डर महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या मुलताईकडचा होता. घरी मराठी बोलायचा, तिकडची. हात चांगला, पण संध्याकाळच्या पाळीवर पिऊन येताना दोनदा पकडला गेलेला. तिसऱ्यांदा फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने त्याला धरलं आणि आरोपपत्र मिळालं. या वेळी शिक्षा बडतर्फीपर्यंत जाऊ शकत होती, आणि नोकरी गेली की क्वार्टर जाणार होतं. घरात बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तो काकांकडे आला तेव्हा मी तिथे होतो. मी उठायला लागलो तर काका म्हणाले, "बस. पण हे छापायचं नाही."

वेल्डरला नाकारायचं होतं. फाटकावरचा रक्षक त्याच्या ओळखीचा होता, साक्ष फिरवायला तयार होता.

"पिऊन आला होतास का?" काकांनी विचारलं.

"आलो होतो, दादा."

"मग?"

"सगळेच नाही म्हणतात."

"नीट ऐक. कबूल केलंस की साक्षीदार येणार नाहीत. उलटतपासणी नाही, काही नाही. तिथेच संपलं. साहेबांच्या मनात आलं तर नोकरी जाईल. हे मी तुला आज सांगतोय, उद्या म्हणू नकोस की सांगितलं नाही."

"आन् मग बी कबूल करू म्हणता?"

"हो. नंतर मी बोलतो. मला बोलू देतात."

वेल्डर बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता. मग म्हणाला, "मले समजलं. तुमी म्हणता तर करतो."

जुने अधिकारी महिन्यापूर्वीच बदलून गेले होते. नवेही ऐकून घेतील असं काकांनी गृहीत धरलं होतं. नवे अधिकारी तरुण होते आणि वक्तशीर होते. वेल्डरने आरोप मान्य आहे असं सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं, सही घेतली आणि फाइल बांधली. काका म्हणाले, "साहेब, मला दोन शब्द…" अधिकारी म्हणाले, "आरोप मान लिया है न? तो फिर क्या बचा?" चहा आला नाही. काका बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिले. सांगायचं ते सगळं त्यांच्या तोंडात तसंच होतं, असं वेल्डरने मला पुढे सांगितलं.

आदेश निघाल्यावर वेल्डरची बायको काकांच्या दारात आली. ती आत आली नाही. "दादा, यानं दारू पेली, ते खरं. त्यात तुमचा दोष नाही. पण कबूल कर हे तुमी सांगतलं. आता क्वार्टर खाली करा म्हून माणूस आला. मी कुठं जाऊ, ते बी सांगा."

काकूंनी तिला आत बोलावलं. ती नको म्हणाली. काकांनी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर टाउनशिपबाहेरच्या सोनागिरी वस्तीत खोली शोधायला गेले.

पुढची चार वर्षं लेबर कोर्टात गेली. वेल्डर करोंदच्या मंडीबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचा. तारखेच्या दिवशी काका रजा टाकत आणि दोघं मिनीबसने कोर्टात जात. मी बातमीसाठी तिथे असायचो. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळे. काका बाकावर बसून डुलक्या घेत. रजा संपल्या तेव्हा बिनपगारी टाकल्या. शनिवारचं वाचन काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं होतं, पण आता ते लवकर थकत. थोरला जंगलात गेला की कथा तिथेच रेंगाळायची. एकदा मंडळाच्या सेक्रेटरीने विचारलं, "काका, वनवास कधी संपणार?" ते म्हणाले, "मला विचारून संपत नाही तो."

कारखान्याचं म्हणणं कोर्टात एकच होतं. कामगाराने परिणाम समजून, सहायकाच्या उपस्थितीत कबुली दिली आहे. यावर काकांची साक्ष लागली.

साक्षीच्या दिवशी वेल्डरचे वकील कोर्टाबाहेरच्या टपरीवर काकांना बाजूला घेऊन गेले. जुन्या भोपाळचे गृहस्थ होते, तोंडात पान. "देखिए दादा, बात इत्ती सी है. उसको नतीजा मालूम था तो केस गया. मालूम नहीं था तो कबूली रद्द. अब बताने वाले तो आप ही थे."

"बताया था."

"मैंने सुना नहीं," वकील म्हणाले आणि पानवाल्याकडे वळले. मग पुन्हा काकांकडे बघून म्हणाले, "आपसे झूठ बोलने को नहीं कह रहा मियाँ. मैं तो बस ये कह रहा हूँ कि साढ़े ग्यारह बजे नंबर है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी खोलीत तिसरा माणूस मी होतो. त्यांनी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि आत गेले.

साक्षीदाराच्या कठड्यावर त्यांचा उजवा पंजा टेकलेला होता. प्रश्न कारखान्याच्या वकिलाने विचारला. "आपने कर्मचारी को बताया था कि कबूल करने का नतीजा क्या होगा?"

"नहीं."

"नहीं बताया? इतने साल का तजुर्बा है आपका."

"मुझसे रह गया. गलती मेरी है, इसकी नहीं."

मागच्या बाकावर वेल्डर उठून उभा राहिला. शिपायाने त्याला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात मी कोर्टात जे बोललं गेलं ते दिलं. आत चौथ्या पानावर, एक कॉलम.

बाहेर आल्यावर वेल्डर म्हणाला, "दादा, तुमी तर मले सगळं…"

"चल," काका म्हणाले. "बस भरते."

कोर्टाने कबुली ग्राह्य धरली नाही. वेल्डरला कामावर परत घेण्याचा आदेश झाला. मागचा पगार नाही, पण नोकरी आणि क्वार्टर. त्याची बायको पेढे घेऊन आली, या वेळी आत येऊन बसली. काकूंनी तिच्या मुलींसाठी फ्रॉकचं कापड काढून ठेवलं होतं.

युनियनने काकांना पुन्हा कुठल्याही चौकशीला पाठवलं नाही. कोणी भांडलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. सहायक म्हणून बसायचं आणि एवढी साधी गोष्ट सांगायची राहते, याला काय म्हणायचं? मंडळात कुणीतरी ते तोंडावर विचारलं. "काका, तुमच्यासारख्याकडून? एवढं सांगायचं राहिलं?"

"राहिलं," काका म्हणाले आणि सतरंजीची घडी घालायला लागले.

काकू तिथे होत्या. चौकशीच्या आदल्या संध्याकाळचं सगळं बोलणं त्यांना चहा करताना स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं. घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या कोथिंबीर मी आणते."

वेल्डरने दारू सोडली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतरही दोन होळ्यांना मी त्याला रस्त्याच्या कडेला बसलेला पाहिला. काकांनी त्याला स्कूटरवर घालून घरी नेलं. मी म्हणालो, "काका, हा काही सुधारत नाही."

"जंगल मोठं आहे," ते म्हणाले. पुढे केव्हातरी त्याने सोडली. नक्की केव्हा, ते त्यालाही सांगता आलं नाही.

कोर्टाचा निकाल लागला त्या वर्षी पावसाळा संपता संपता वाचनात युद्ध आलं. थोरल्याच्या रथाचा शनिवार होता. हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता, कारण बायका मुलांना तो आवाज ऐकवायला घेऊन आल्या होत्या. वेल्डर शेवटच्या रांगेत होता. काकांनी पंजा टेबलाच्या चार बोटं वर धरला आणि पुढे नेला. थोरला बोलला. सगळे दचकायच्या तयारीत होते. काकांनी हात हळूच खाली ठेवला. आवाज झाला नाही.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "आपटला नाही?"

"टेकला," काका म्हणाले. "टेकला तर टेकला. बाकी सगळ्यांचे रथ पहिल्यापासून जमिनीवरूनच चालत होते." आणि त्यांनी पान उलटलं.

त्यानंतर बरीच वर्षं ते जगले. निवृत्त झाले, सोनागिरीला छोटं घर घेतलं. डोळे अधू झाले तेव्हा वाचन थांबलं. महाकाव्याच्या शेवटाकडे, जिथे सगळे डोंगर चढतात आणि एकेक जण आपापल्या दोषापाशी पडत जातो, तिथे ते कधीच पोचले नाहीत. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्ट्या आड येत. मी एकदा त्याबद्दल विचारलं. म्हणाले, "थोरला पडत नाही, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. वर पोचल्यावर त्याला आधी नरक दाखवतात, ते कुणी विचारत नाही. त्या एका वाक्यापायी. थोडाच वेळ, पण दाखवतात."

"अन्याय नाही वाटत?"

"नाही. हिशेब बरोबर आहे." मग म्हणाले, "तुला भूक लागली असेल. आत काही आहे का बघ."

एका फेब्रुवारीत, दुपारी झोपेत ते गेले.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. पहिल्या रांगेत कारखान्याच्या कार्मिक विभागाचे दोन अधिकारी होते, कारण काकांची नोकरी प्रदीर्घ आणि स्वच्छ होती. वेल्डर त्यांच्या मागे दोन रांगा सोडून बसला होता. तो अजून नोकरीत होता, निवृत्तीला अवकाश होता. सेक्रेटरीने शोकठराव वाचला. त्यात वाचनाचा उल्लेख होता, कामगारांच्या सेवेचा होता. शेवटी एक वाक्य होतं: आपल्या हातून झालेली चूक भर न्यायालयात मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता.

वेल्डर उभा राहिला. सेक्रेटरीने त्याला हाताने खाली बसायची खूण केली. तो बसला नाही.

"ते खोडा," तो म्हणाला.

"काय खोडू?"

"त्याहीची चूक नव्हती. नोकरी जाईल हे दादांनी मले आदल्या दिवशी सांगतलं होतं. सगळं. मी समजून कबूल केलं. कोर्टात ते माह्यासाठी खोटं बोलले."

पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यांपैकी एकाने मागे वळून पाहिलं. वेल्डरने आपलं नाव आणि कारखान्यातला टोकन नंबर सांगितला आणि खाली बसला. काकू भिंतीशी खुर्चीवर होत्या. सेक्रेटरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सेक्रेटरीने खिशातून पेन काढलं. ते वाक्य खोडण्यात आलं. ठराव पुन्हा वाचला गेला आणि सर्वांनी उभं राहून तो संमत केला.